चार मीटर

फरशीवर चिकटपट्टीच्या दोन रेघा,
मधे चार मीटर.
माझ्या हातात स्टॉपवॉच.

देओलिंदा निघते, भिंतीला न धरता.
ही तिचीच अट.
मातोझिन्योशच्या कारखान्यात तीस वर्षं
सार्डिनची मुंडकी खुडणारी मूठ
मघाशी यंत्रावर अकरा किलोच भरली.
"काटा बिघडलाय तुमचा," म्हणाली.

मूत्रपिंड बहिणीचं. जुळतंय.
प्रश्न एवढाच,
ते जिथं ठेवायचं त्या देहात
अजून किती देओलिंदा उरलीय.

सात सेकंद. आठ.
रेघेच्या वीतभर अलीकडे ती थांबते,
धाप गिळत माझ्या बुटाकडे बोट करते:
"नाडी सुटलीय, पोरी. बांध आधी,
पडशील."

घड्याळ चालूच.
कागदावर रकाना
फक्त सेकंदांचा.