शेपटीचा काप

पहाटे पाचला कात्सुउराच्या धक्क्यावर
ट्यूना ओळीनं पडलेले असतात ओल्या सिमेंटवर,
प्रत्येकाच्या शेपटीला एक काप.
मी टॉर्च मारतो,
चिमूटभर मांस बोटांत चोळतो
आणि आकडा बोलतो.
सव्वीस वर्षं. शितावरून भात.

हेच डोळे घेऊन मी गेलो होतो
जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत, एका गुरुवारी,
निशिहाता सेन्सेईंना पारखायला.
अर्जात अर्थात 'शिकायला' असं लिहिलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी हिशेब मांडला.
वय बहात्तर. पूर्वी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे.
उजवा गुडघा टेकत नाही,
म्हणून घडीच्या खुर्चीत बसून तलवारीला नमस्कार.
पातं बाहेर येताना आवाज नाही, हे जमेला.
पण टोक थरथरतं.
समोरच्या न दिसणाऱ्या माणसाच्या कपाळापाशी
थांबायचं तिथं ते थांबत नाही,
मासा हुंगून गेल्यावर गळाची दोरी हलते
तेवढं हलत राहतं.
मनातल्या मनात दुय्यम प्रतीचा शिक्का मारला
आणि कमरेतून वाकलो, नियमाप्रमाणे.

वाकणं सोपं असतं.
मी तर बर्फाच्या गाडीवाल्यापुढेही वाकतो.

सहा वर्षांनी, ऑक्टोबरात, नागोयाहून कुवाबारा आले.
सहावा दान, पाठ फळीसारखी.
त्यांचा नमस्कार बघत राहावा असा:
आधी डावा तळवा, मग उजवा,
मधल्या त्रिकोणात नाक, तीन श्वास.
निघताना बूट घालता घालता हळूच म्हणाले,
"तुमच्या सेन्सेईंचं टोक हलतं."

सहा वर्षं मी हेच तर म्हणत आलो होतो.
तरी त्यांच्या तोंडून ऐकताना
कुणी परक्यानं माझ्या घरातलं फडताळ
उघडून बघावं तसं झालं.

त्या रात्री उलटीकडून मोजत बसलो.
त्सुयाको, डायलिसिस वॉर्डातली नर्स,
म्यानाकडे न बघता पातं घरी पोचवते.
हारुओमि, नववीतला, दारं आपटणारा,
जमिनीवर ठेवलेली तलवार ओलांडत नाही,
वळसा घालतो,
बघायला कुणी नसलं तरी.
आणि आमच्यापैकी एकाच्याही डाव्या हाताच्या बेचक्यात
टाक्याची खूण नाही.
खूण आहे ती त्यांच्याच हाताला.
विचारलं तर म्हणतात, "इंजिन."

एकदा मी सपशेल फसलो होतो.
काप लालबुंद, चरबी चकचकीत,
बोली लावली, मासा घेतला,
चिरला तर आतून पांढुरका, शिजलेला.
गळाला लागून फार झगडलेला मासा
स्वतःच्याच उष्णतेनं भाजून निघतो.
शेपटी शेपटीपुरतंच बोलते.
हे मला धंद्यात ठाऊक होतं.

गेल्या गुरुवारी त्यांना घरी सोडत होतो,
माझ्या मासळीचा वास मारणाऱ्या ट्रकमधून.
तलवारीची पिशवी त्यांनी मांडीवर तिरकी धरली होती,
गिअरला लागू नये अशी.
धीर करून म्हटलं,
कुवाबारा-सान म्हणत होते की...
"हलतं," ते म्हणाले. "नजर चांगली आहे त्यांची."

मग बोगदा गेला.
मग बंद पडलेला पेट्रोल पंप.
मग काचेबाहेर बघतच:
"तिसऱ्या प्रकारात तू श्वास आधी संपवतोस.
पहिल्या दिवसापासून.
वाटलं होतं, तुझं तुला कळेल."

सिग्नल लाल होता.
छातीवर पट्टा, स्टिअरिंगवर हात,
वाकायला जागा नव्हती.
ब्रेकवरचा पाय तेवढा
आणखी थोडा खाली गेला.