रकाना सात

लेवुकाच्या पोस्टात शुक्रवारी दुपारी
माझ्यापुढे लाइसानी होती,
टूनाच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेली,
पांढरे गमबूट, कोपरापर्यंत मासळीचा वास.
हातात सिडनीहून आलेला फॉर्म,
चार घड्यांचा, एका घडीवर फाटत आलेला;
म्हणजे बरेच दिवस नुसताच उघडून मिटला असणार.

सहाव्या रकान्यात नाव: विलिमाइना.
सातव्यात विचारलं होतं,
अर्जदाराशी तुमचं नातं.
तिनं लिहिलं, वेइतिनानी.

काउंटरपलीकडे लोसालिनीनं चष्मा कपाळावर चढवला.
"मावशी, इथे 'आई' एवढंच लिहायचं.
हा शब्द तुमच्या एकटीचा नाही."
"नाहीच."
"यात तीपण येते."
"मग तिला वगळून कसं लिहू?"

त्यांच्याकडे आधी 'वेइ' लागतो, शेवटी 'नी',
मध्ये आई: 'तिना'.
पुरचुंडीला दोन्हीकडून गाठ मारावी तसं.
गाठी सोडून आई वेगळी काढता येते,
पण मग लेक नेमकी कुठल्या अक्षरात होती
ते काही सापडत नाही.

माझ्याजवळ होतं 'मायलेकी'.
जावाजावा होत्या, साडू होते, व्याही होते,
तो माझा व्याही म्हणून मी त्याचा,
यात आधी कोण, असा प्रश्नच नाही.
आणि होता एक शब्द, 'परस्पर'.
कोशात तो एकमेकांचा.
बोलण्यात मात्र,
दुसऱ्याला पत्ता लागू न देता.
परस्पर घर विकलं. परस्पर सही केली.
दोघांचा शब्द एकानंच कधी पळवला
हे आम्ही कुणी विचारलंही नाही.

विलिमाइना गेली ती अशीच,
सहा वर्षांपूर्वी, पहाटेच्या बोटीनं.
उशीखाली चिठ्ठी,
चुलीपाशी उकडून झाकून ठेवलेले अळूचे कंद.
हे मला मागच्या बाईनं सांगितलं, हळू आवाजात,
पण लाइसानीला ऐकू जाईल इतपत.
दर रविवारी फोन वाजतो म्हणे.
लाइसानी तो पूर्ण वाजू देते.
उचलत नाही. बंदही करत नाही.

लोसालिनीनं पांढऱ्या शाईची बाटली पुढे सरकवली.
लाइसानीनं ती होती तिथं परत ठेवली.
"कागद माघारी येईल, मावशी."
"येऊ दे. तिच्या हातून येईल ना?"

शिक्का बसला. जरा तिरका.

जाताना माझ्या पाकिटाकडे बघून तिनं विचारलं,
"कोण?"
धाकटी बहीण, असं म्हणणार होते.
सही तिनं केली होती, मी नव्हे.
तरी तोंडातून निघालं,
"आम्ही बहिणी,"
आणि मग कितीतरी वेळ
तिकिटाच्या मागची बाजू ओली करत राहिले.