यू-पिन

डेमिंगला जुलैत दुपारी बॉनेटला हात लावता येत नाही.
फडक्याने उचललं, काठी टेकवली.
ब्याण्णव सालचा फोर्ड,
टपावरचा रंग उन्हाने सोलपटलेला.
पप्पा मेस्कीटच्या चिमूटभर सावलीत खुर्ची टाकून,
गुडघ्यावर टोपी, तोंडात सूचना:
"ॲल्युमिनियमचा डबा दिसतो का,
बरणीएवढा? त्याच्या खांद्यावर बघ."

स्विच दिसला. अंगठ्याएवढा.
काम एकच. आत दाब उतरला की कॉम्प्रेसरला म्हणायचं थांब,
चढला की, चल.
गॅस शाबूत होता, कालच गेज लावून पाहिलं.

पण तारा त्याच्यावर नव्हत्याच.
बाजूला, काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेलं कनेक्टर.
पट्टी सोलली तर आत एक यू-पिन,
या भोकातून त्या भोकात वाकवलेली,
गंजून मधोमध तुटलेली.

"हे कुणाचं काम?"
पप्पांनी टोपी उलटी करून आत पाहिलं.
"स्विच सत्त्याण्णवातच गेला. बार्सेनास अठ्ठावीस डॉलर मागत होता.
पिन तुझ्या आईच्या शाळेतली."

सत्त्याण्णव.
आठवड्यातून दोनदा एल पासो, जाऊन-येऊन दोनशे मैल.
आई खिडकीशी, डोक्याला निळा रुमाल.
मी मधे, गिअरच्या दांड्यापासून पाय आखडून.
आणि पप्पा सारखा एसी बंद करत.
चार खांब जाऊ देत. चालू करत.
पुन्हा बंद.

पुढे कितीजणांना सांगितलं मी हे,
दोन नवऱ्यांना तर नक्कीच:
बायको मरत होती
आणि माझा बाप तिला गारवा मोजून देत होता.

"सतत चालला की आत बर्फ धरतो," पप्पा म्हणाले,
"मग वाराच येत नाही. कुणीतरी थांबवायला हवं ना.
ती झोपली की मला वेळेचं भान राहत नसे,
म्हणून खांब मोजायचो."

मी काही बोलले नाही.
जुना स्विच फिरवून काढला. फुस्स, एवढंच;
खाली झडप असते, ती गॅस धरून ठेवते.
नवी हिरवी रिंग, तेलाचा थेंब.
"पाना नको. हातानेच आवळ."
हातानेच आवळला.

इंजिन सुरू. क्लच टक्क.
थोड्या वेळाने आपणहून सुटला.
टक्क.

कोलंबसच्या रस्त्याला लागलो, मी चालवत होते.
"काच वर कर, अख्खं डेमिंग गार करायला निघालीस का?"
केली.
चौथ्या खांबाशी त्यांचा हात बटणाकडे गेला.
"राहू द्या," म्हटलं, "तो बघतो आता."
हात मांडीवर परत गेला,
तिथेही बोटं मिटेनात.

सहाव्या खांबाला विचारलं,
"बघतोय ना अजून?"