एक तास तरी

यादी जुनी आहे.
तिच्यातल्या चारशे बारा नंबरच्या घराजागी
आता मोबाइलचा टॉवर,
आणि चारशे तेरा एकाच दारावर तीनदा :
खडूनं, गेरूनं, ऑइलपेंटनं.
नवी गणती होणार म्हणतात.
तोवर ह्यातलंच दर विसावं घर धरायचं
आणि दारात उभं राहून विचारायचं,
गेल्या सात दिवसांत
एक तास तरी काम केलंत का?

दाजी पेठेत अंबुबाई येमूल म्हणाल्या,
"मी कुठं काय करते? घरीच असते की."
मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं,
कातर, तंबाखू, दोरा.
माझा प्रश्न संपेपर्यंत
तीन विड्या वळून झाल्या.
मी रकान्याकडे बघत राहिले.

"आणि यजमान?"
"कारखान्यात," आतून मुलगी म्हणाली, जरा घाईनं.
"सातलाच डबा घेऊन जातात."
पाण्याचा पेला दिला तिनं.
पेल्यावर मशीननं कोरलेलं नाव : न. ल. येमूल.
हे नाव मी कुठं तरी वाचलं होतं.

आमचे गुंडेटी सर
पस्तीस वर्षं आकडेवारीत घालवून निवृत्त झाले.
मागे सांगायचे, कागद नसला की कान लाव.
म्हणून अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत थांबले.
एका भिंतीआड माग चालू, खटखट खटखट,
पुढच्या चार भिंती गप्प.
तिथं कुकरची शिट्टी ऐकू येते, भांडण ऐकू येतं,
रेडिओ लागलाय तोही.
पण माणसं अजून ओरडूनच बोलतात,
समोरासमोर, हातभर अंतरावरून,
मागाच्या आवाजावर आवाज चढवायची
सवय गेलेली नाही.
शांत गल्लीत किती जण ओरडतात
ते मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं.
पाच पाचाच्या रेघा.
ही पद्धत कुठल्या पुस्तकात नाही,
सरांना फोन केला तर हसले,
म्हणाले, "बहिऱ्यांना वगळ."
मग म्हणाले, "नको, राहू दे."

तेव्हा आठवलं.
अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या त्या शेडला
दिवाळीपासून कुलूप.
परवा मीच तिच्यापुढं 'बंद' लिहिलं.
पायरीवर एकजण डबा उघडून बसले होते,
कडक भाकरी, शेंगांची चटणी,
आधी तेलुगूत, मग मराठीत
"जेवायला या," म्हणाले.
झाकण पालथं ठेवलेलं.
त्यावर न. ल. येमूल.

आज परत गेले. तीच पायरी, तीच सावली,
फक्त थोडी सरकलेली.
मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले,
"कुलूप कुणी फोडू नये म्हणून बसतो, ताई.
आत चोवीस माग आहेत.
मालकानं काही सांगितलेलं नाही.
पगारही नाही."
घास तसाच हातात.
"हे काम धरतात का तुमच्यात?"

माझ्याकडे दोन खुणा होत्या.
फॉर्म एकीवर थांबत नव्हता,
दुसरी करायला बोट उचलेना,
म्हणून शिकवलेलं होतं तसं, शब्दाला शब्द,
मी विचारलं,
गेल्या सात दिवसांत
एक तास तरी?

"एक?" ते ओरडूनच म्हणाले,
"नऊ. रोज नऊ.
रविवारी सुट्टी."