फेरमोजणी

जत्रेच्या मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
जिथे ऑक्टोबरात डुकरांना बक्षिसं मिळतात,
तिथे मार्चमध्ये आम्ही बारा जणी बसलो
मतं मोजायला.
फरशी तीनदा धुतली होती. वास होताच.

काय सापडणार ते ऑरिनला आधीच ठाऊक होतं.
तांब्याच्या बंद खाणीत, तिसऱ्या टप्प्याखाली,
रात्री दोन वाजता एक ट्रक रिकामा झाला म्हणे,
खोक्यांच्या खोक्यांसकट.
पाहिला कुणी? लायलच्या मेव्हण्याने.
मेव्हणा किराणा दुकानात भेटला, त्याला विचारलं,
तर त्याला लायलनेच सांगितलेलं.
"कुठेतरी पाणी मुरतंय, मार्लिस," ऑरिन म्हणायचा,
ज्या खोऱ्यात सात महिने
मुरायला थेंब नव्हता.

टेस मागच्या पायरीवर बसून ओढायची.
गांजा दुकानातला, पावतीसकट,
डबीवर झोपलेल्या अस्वलाचं चित्र.
"ह्याचं व्यसन लागत नाही, आई.
दारूचं लागतं. बाबाच्या फोनचं लागतं."
आतून ऑरिन ओरडायचा,
"माझा भाऊ ड्वेन ह्याच धुरात गेला!"
ड्वेन धुरात नाही गेला.
ड्वेन ट्रॅक्टरखाली गेला, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत.
पण आमच्या घरात खरं म्हणजे मीठ,
ज्याने त्याने चवीपुरतं वरून घ्यायचं.

दवाखान्यातल्या डॉक्टर ओकाम्पो बाईंना मी विचारलं.
त्या म्हणाल्या, काहींना लागतं, बऱ्याच जणांना नाही.
हे उत्तर मी घरी आणलं
आणि दोघांनीही ते
दुसऱ्याचंच पत्र चुकून आल्यासारखं
टेबलावर तसंच ठेवलं.

जानेवारीत टेसला हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात नोकरी मिळायची होती.
तपासणी होती, म्हणून तिने सोडलं.
चौथ्या रात्री तीन वाजता ती
फ्रिजचे कप्पे काढून घासत होती,
केस मानेला चिकटलेले.
त्याच रात्री वाऱ्याने तार तुटून इंटरनेट गेलेलं.
ऑरिन अंगणात, थंडीत, फोन उंच धरून
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग पिकअपच्या टपावर चढून.
शेवटी आत आला.
तिने त्याला दूध दिलं, त्याने तिला चमचा.
दोघांचेही हात थरथरत होते.
मी जिन्यात उभी होते. जिना चौदा पायऱ्यांचा.
बोलायला एक वाक्य होतं माझ्याकडे,
ते गिळून मी परत वर गेले.

अकरा दिवस मोजलं.
एका मतपत्रिकेवर कॉफीचा डाग,
एकीवर कुणी आपल्या खेचराचं नाव लिहिलेलं.
उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.
झोपेतही हात तसेच चालायचे,
आणि ऑरिनच्या गोळ्या मी
रोज दोनदा मोजायला लागले. सहाच असायच्या.
शेवटी पहिल्या मोजणीत आणि आमच्यात फरक निघाला
चार मतांचा. दोन इकडे, दोन तिकडे.

घरी सांगितलं.
ऑरिन बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला.
"म्हणजे चार तरी होतीच ना," तो म्हणाला.
पुढच्या आठवड्यात ट्रक निळा झाला
आणि टप्पा चौथा.
टेसला नोकरी लागली. पहिल्या पगारात
अस्वलाची मोठी डबी आली,
आणि बापासाठी लोकरीचे मोजे.

एक गोष्ट मी सांगितली नाही.
सातव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी,
माझ्या हातात एक मतपत्रिका आली.
वर्तुळ भरताना पेन इतकं दाबलेलं
की कागदाला भोक पडलं होतं.
शब्दकोडी तो तशीच सोडवतो,
आमच्या टेबलावर त्याचे ठिपके आहेत.
दुसराही कुणी असा दाबत असेल. असू शकतं.
नियमाहून एखादा क्षण जास्त मी ती धरली.
पर्यवेक्षक वर्लीन खाकरली.
मी ती डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवली,
जिथे ती मोजली गेली.

शपथ घेतली होती, म्हणून बोलत नाही.
पण तो रात्री फोन उजळवून कुशीवर वळतो,
तेव्हा माझा अंगठा
अंधारात ते भोक शोधतो.