अंगठ्याखालचं बटण

सेक्रेटरी दळवी कागद घेऊन आले.
म्हणाले, "पहिली सही तुमची, तुमच्यासाठीच तर चाललंय."
सातशे दोनमधला हिंस्र प्राणी
आठ दिवसांत इमारतीबाहेर.
पेनचं टोपणही त्यांनीच काढून दिलं.

हिंस्र प्राण्याचं नाव लाडू.
बेचाळीस किलो. दात सगळे शाबूत.
फटाके वाजले की बाथरूममध्ये बादलीशेजारी बसतो.
माझ्याचं नाव फौजदार.
साडेतीन किलो, भाजीच्या पिशवीत मावतो,
पण टिळकनगरातल्या एकाही मोठ्या कुत्र्यानं
त्याच्या शिव्या खाल्ल्यावाचून आमचं फाटक ओलांडलेलं नाही.
आम्ही हसायचो.
केवढासा जीव, आणि रुबाब बघा!
व्हिडिओ काढून भाच्यांना पाठवायचो.
हेच लाडूनं केलं असतं
तर मीच दळवींकडे गेले असते, चपला न घालता.

त्या संध्याकाळी पोडियमवर
हर्षालीनं पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला दिलेले,
लाडूला भिंतीकडे तोंड करून बसवलेलं.
लांबूनच ओरडली, "काकू, जवळ घ्या हो त्याला!"
मी म्हटलं, "काही करत नाही गं तो."

काही करत नाही.
हे मी कुणाबद्दल बोलत होते?

पाच मीटरची गुंडाळती दोरी,
मुठीत मावणारा डबा, अंगठ्याखाली बटण.
दाबलं की दोरी जागच्या जागी थांबते.
डबा कोपरात अडकवलेला होता.
अंगठा भिशीच्या ग्रुपवर.
पाच मीटर संपायला कितीसा वेळ लागतो?
"हो ना, मलाही तसंच वाटलं" एवढं लिहायला लागतो, तेवढा.

फौजदार सरळ लाडूच्या जबड्याखाली घुसला
आणि त्याचा ओठ धरला.
लाडूनं मान फिरवली. एकदाच.
त्याच्या भाषेत ते "हट्" असेल.
बेचाळीस किलोचं हट्.

ओढणीत गुंडाळून परळला नेला.
रिक्षा सायनपर्यंतच, पुढे टॅक्सी.
लाडूला भावाच्या हाती देऊन हर्षाली सोबत आली,
सगळा रस्ता जखमेवर तळवा दाबून.
अकरा टाके.
डॉक्टरांनी हात धुता धुता विचारलं,
"सुटा कोण होता?"
मी हर्षालीकडे पाहिलं.
नुसतं पाहिलं. बोलले काहीच नाही.
तिनं मान खाली घातली.
बिलाचे निम्मे पैसे तिनं काढले
आणि मी ते घेतले.

आता फौजदार गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून
खुर्च्यांच्या पायांना धडकतोय.
त्याला कुणी सांगितलंय तो साडेतीन किलोचा आहे?
ते मला ठाऊक असायला हवं होतं.
त्याच्या वाटचं भिणं माझं काम होतं.

दळवींचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली आहे, कोरा.
त्यांना म्हटलं, पेन चालत नाही.
खोटं बोलले. पेन चालतं.

काल लिफ्ट सातव्यावर थांबली.
दारात लाडू, तोंडाला नवी जाळी,
उन्हाळ्यात जाळीच्या आत धापा टाकत.
मी फौजदारला उचललं, छातीशी घट्ट,
त्याचं तोंड माझ्या खांद्याकडे वळवलं,
आणि बाहेर आले. "तुम्ही जा आधी."
हर्षाली म्हणाली, "थँक्यू काकू."

दार बंद झालं.
थँक्यू तिनं म्हटलं.
मी अजून सातव्या मजल्यावरच उभी आहे,
अंगठा बटणावर, गच्च.