दारं मोडताना

मोजणी समाजमंदिरात झाली.
तीनशे अठरा विमानाला,
दोनशे ब्याऐंशी कपबशीला.
जागा पाच.
पाचही विमानाला.
गुलाल इतका उडाला की सचिव जिनगोंडाच्या रोजमेळावर बसला,
अजून पान उलटलं की नखाला लागतो.

मी पाणीपुरवठा संस्थेचा पाटकरी.
खोरं माझं, मत नाही.
पेट्या उचलल्या, बाकडी मांडली,
बाहेर पडलो तर दाराशी मालन सनदी,
शेवटच्या टोकाची, एकोणीस गुंठेवाली.
"बाबालाल, माझं मत मोजलं न्हवं?"
"मोजलं की."
"मग गेलं कुठं?"

पेटीत, म्हणालो.
आणि ते उत्तर चार दिवस
उसाच्या चिपाडासारखं दाढेत अडकून राहिलं.

मग तिची रात्रपाळी आली.
नदीवर मोटर, चेंबरात फेस,
मालन बॅटरी धरून बांधावर.
पहिला वाफा भरला.
मी दार मोडलं, पाणी दुसऱ्यात वळवलं
आणि खोरं तसंच हातात राहिलं.

"मालनबाई, भरल्यावरबी हितंच वतत बसलो असतो तर?"
"तळं झालं असतं. खाली भेगा."
"मग मतं का वतायची एकाच वाफ्यात?"

मिरजेत माझा भाचा गणित शिकवतो.
सहाचा हिशेब त्याचा, खोऱ्याचा माझा:
मतं सहाशे, जागा पाच,
सहानं भागायचं, वर एक.
एकशे एक झाली की वाफा भरला.
शिक्का नको, आकडे लिहायचे:
आधी कोण, तो भरला तर कोण,
तोही भरला तर.
जास्तीचं पाणी पुढं,
कधी पाव मत, कधी अर्धं,
जसं आपण पाव तास देतो.

"सहानं का? जागा तर पाच."
"सहा वाफे भरायला सहाशे सहा लागतील.
तेवढं पाणीच न्हाई."
ती गप्प. मग, "आन् घुशीनं पोखरलेला वाफा?"
"तो सोडायचा. त्याचं पाणी
ज्यानं दिलं त्याच्या दुसऱ्या आकड्याकडं."
तिनं बॅटरीपुढं दोन बोटं धरली.
समोरच्या उसावर दोन बोटं, डोईएवढी.
"आमचं दोन आलं असतं."
"दोन."

वार्षिक सभेत तिनं ठराव मांडला.
जिनगोंडा म्हणाला, पोटनियमात बसत नाही,
मोजायला दोन रात्री जातील.
हात वर करून मतास टाकला.
पडला. हात कुणी मोजलेसुद्धा नाहीत.
चहा मात्र सगळ्यांना मिळाला, थंड.

पण टोकाकडच्यांना पाळ्या लावायला
पाच माणसं निवडायची होती, त्यात संस्थेचा काय संबंध.
मालनच्या गोठ्यात, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर,
आकडे लिहून मतं पडली.
मोजता मोजता पहाट झाली.
सावंत अर्ध्या मतानं राहिला, अजून बोलत नाही माझ्याशी.
भांडणं काही थांबली नाहीत.
आता ती गोठ्यात, समोरासमोर होतात.

एका पत्रिकेवर सातव्या आकड्यापुढं
कुणीतरी लिहिलं होतं: बाबालाल.
मी उभा नव्हतो. मला तर मतही नाही.
"हे मोजायचं?" मी विचारलं.
मालन शेण सारत होती. मान वर न करता म्हणाली,
"तितवर पाणी पोचलं तर बघू."